लाभाचं पोतं

उसाला रास नसते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो घोळ झाला त्याचं मूळ त्यात आहे. आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णाकाठी. ऊस तुटला, मोळ्या ट्रॉलीत रचल्या, कारखान्याच्या काट्यावर वजन झालं की शेतकरी मोकळा. घरात साठवायचं म्हटलं तरी ऊस कुठे साठवणार? त्यामुळे खळं, मळणी, रास हे शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचले आणि परीक्षा झाल्यावर तिथेच सोडून दिले. थोरला भाऊ फौजेत गेला, धाकटा उसात राहिला, आणि मी छाती दोन बोटं कमी भरली म्हणून भरतीतून परत येऊन बी.कॉम. झालो. नोकरी लागली ती पार पूर्वेला, सांगली जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला, बाजार समितीच्या गोदामावर. पद गोदामपालाचं. कंसात 'हंगामी'.

त्या कंसाचा मला फार राग होता. दर वर्षी नवा आदेश निघायचा, आणि दर दिवाळीला सासरे फराळाचं ताट पुढे सरकवत विचारायचे, "मग, कायम कधी?" जणू मुलगीही त्यांनी मला हंगामीच दिली होती. तिसऱ्या वर्षी सचिवांनी सांगितलं, की यंदा जिल्ह्याची तपासणी बिनबोभाट पार पडली तर तुमची फाइल वर जाईल. रजिस्टर आणि गोदाम यांत एका पोत्याचाही फरक निघता कामा नये. मी म्हटलं, निघणार नाही. कर नाही त्याला डर कशाला?

काम साधं होतं. माल निघाला की सगळ्यांचा एकदमच बाजारात येतो आणि भाव बसतो. शेतकऱ्याला तर पैसे त्याच आठवड्यात लागतात, म्हणून तो पडत्या भावात विकून मोकळा होतो. आमची योजना अशी, की विकू नका. माल आमच्या गोदामात ठेवा, पावती घ्या, आणि त्या दिवशीच्या भावानं होणाऱ्या किमतीच्या पाऊण हिश्शाइतकं कर्ज थोड्या व्याजानं उचला. सहा महिन्यांत भाव चढला की विका, कर्ज फेडा, उरलेलं घरी न्या. योजनेचं नाव शेतमाल तारण. मी गावोगाव पारावर उभा राहून हे भाषण द्यायचो, इतक्या वेळा की बायको म्हणते मी झोपेतही 'पाऊण हिस्सा' असं बोलतो.

लोकांना व्याज पटलं, सहा महिने पटले, पण 'तारण' हा शब्द काही पटेना. तारण म्हणजे गहाण, आणि गहाण टाकतात ते बायकोचे दागिने. चारचौघांत हरभरा गहाण टाकायचा तर लोक काय म्हणतील? पहिल्या हंगामात जे थोडे आले ते टेम्पोवर ताडपत्री अशी करकचून आवळून आले, की वाटेत पोलिसांनीही दोघांना थांबवलं.

अशाच एका गावात ती म्हातारी मला पहिल्यांदा भेटली. मेंढ्यांमागं आयुष्य गेलेली. तिचं घर पूर्वी वर्षातले आठ महिने मुलखाबाहेरच असायचं. कॅनॉलचं पाणी आल्यापासून तिनं रानात हरभरा धरला होता आणि मेंढ्या दहा-बारावर आणल्या होत्या. देवळापुढं माझं भाषण चालू असताना ती अगदी पुढ्यात बसली होती, डोळे माझ्या तोंडावर. भाषण संपल्यावर म्हणाली,

"माल माजा. कोंडनार तू. आन वर पैसं बी मलाच देनार. मग तुजं काय रं?"

"माझं काय, आजी? मला पगार आहे."

यावर ती इतकी हसली की शेजारच्या बाईनं तिची पाठ थोपटली. "बरं बरं," ती म्हणाली, "पगार हाय म्हनं." मी आपला लोकशिक्षणाच्या समाधानात मोटरसायकलवरून परत आलो.

पुढच्याच आठवड्यात तिच्या जावयाचा टेम्पो गोदामापुढे लागला. वर ताडपत्री नव्हती. वर म्हातारी बसली होती. प्रत्येक पोत्याच्या कोपऱ्यावर कावेचा लाल ठिपका. मेंढरं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर लावतात तसाच. मी म्हटलं, आजी, आम्ही नंबर टाकतो, ठिपक्याची गरज नाही. ती म्हणाली, "नंबर तुला वळकाया. ठिपका मला."

टेम्पो आधी भरलेला काट्यावर नेला, मग रिकामा नेणार होतो, म्हणजे वजनाचा प्रश्न नव्हता. हमाल पोती उतरवू लागले. म्हातारी दारात उभी राहून तोंडानं मोजत होती आणि मी रजिस्टरात काड्या ओढत होतो. पहिलं पोतं आत पडलं तशी ती पदर सावरून, हात जोडून म्हणाली, "लाभ."

मला वाटलं, देवाचं नाव घेतलं. देवाचं नाव घेतल्यावर कोण काडी ओढतो? मीही मान लववली. पुढच्या पोत्याला पहिली काडी ओढली, आणि मग हमालांच्या गलक्यात तिचं मोजणं तिच्या तोंडात राहिलं आणि माझं माझ्या कागदावर. शेवटचं पोतं आत गेल्यावर ती म्हणाली, "दीड इसा." दीड इसा म्हणजे किती हे विचारायची बी.कॉम. माणसाला लाज वाटली. मी "बरोबर" म्हणालो, काड्या मोजल्या आणि पावती फाडली: हरभरा, पोती एकोणतीस.

जावयानं पावती वाचून दाखवली. म्हातारीनं एकदा पावतीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. डोक्यापासून पायांपर्यंत, सावकाश, बाजारात बकरं पाहावं तसं. मग तोंडभर हसली. "चालतंय," म्हणाली, "भला मानूस दिसतुयास."

त्या दिवशी घरी गेल्यावर मी बायकोला सांगितलं की पूर्वेकडच्या लोकांना माणसाची पारख फार.

पुढे दर गुरुवारी बाजाराला आली की म्हातारी तिच्या थप्पीला भेटायला यायची. पोत्यांवरून हात फिरवायची. कोपऱ्यातलं एखादं दाबून बघायची. भुंगा लागू नये म्हणून आम्ही गोळ्या टाकून थप्पीवर प्लॅस्टिक आवळलं तेव्हा तिचा जीव कासावीस झाला. "गुदमारंल की रं त्ये," म्हणाली. मी सांगितलं की हरभऱ्याला नाक नसतं. "तुला काय ठावं," ती म्हणाली, "तू उसातला."

आता कुणी विचारेल, इतके महिने ती थप्पी डोळ्यांपुढे होती, मग मोजली कशी नाही? पाच-पाचचे सहा थर. पाच सक तीस हा पाढा मला येत होता. पण डोळ्यांवर नाही तर रजिस्टरवर विश्वास ठेवायचा, हे नोकरीनं मला पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं.

आणि म्हातारीनं तर मला आभाळात नेऊन ठेवलं. बाजारात, एस्टीत, पीठगिरणीवर, जिथं भेटेल तिथं सांगायची, "गोदामावला लय भला हाय. पोट भरल्यालं. हाव म्हनून न्हाई त्येला." मला हे येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कळायचं आणि मी तोंडावर नम्र भाव आणायचा सराव करायचो. तिच्या शब्दावर तिच्या भावकीतली सात-आठ घरं माल घेऊन आली, मग शेजारच्या गावातली. येताना कुणी रिकाम्या हातानं यायचं नाही. म्हातारी ताकाची बरणी आणायची, कधी बाजरीची भाकरी आणि खर्डा आणायची, मी जेवत असताना समोर उकिडवी बसून बघायची. आषाढात गोदामात गारठा सुटला तेव्हा तिनं घरच्या लोकरीचं एक भलंमोठं काळं घोंगडं माझ्या टेबलावर आणून टाकलं. मी नको नको म्हणालो, पण घेतलं. प्रेमानं दिलेलं परत करणं म्हणजे माणसाचा अपमान, असं मी स्वतःला समजावलं. एखाद्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात. मला तर अख्खं गोदाम होतं. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, आपल्या घराण्यात हाव कधी कुणाला नव्हतीच. मागून धाकटा भाऊ म्हणाला, बांधावरची केस तेवढी सोडून.

श्रावणात पत्र आलं. तपासणी गुरुवारी.

बुधवारी सकाळी मी आणि मुकादम मोजायला बसलो. मुकादम म्हणजे हमालांचा म्हातारा म्होरक्या. हमालीत जन्म गेलेला आणि कशानंही न हलणारा माणूस. सगळ्या थप्प्या रजिस्टरबरहुकूम निघाल्या. म्हातारीची थप्पी तीस भरली. मी परत मोजली. तीस. मुकादमाला मोजायला लावली. तो म्हणाला, "तीसच हाईत. तुमी किती म्हनत हुता?"

एक पोतं जास्त. मग ते कुणाचं? बाकीच्या थप्प्या पुन्हा मोजल्या; कुणाचंही कमी नव्हतं. मला आधी वाटलं, बरंच आहे, जास्तच भरतंय. मुकादम माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला, "कमी भरलं आसतं तर बरं झालं आसतं. कमी पडलं तर उंदरावर घालता येतंय. जास्त झालं तर काय सांगनार? उंदीर व्यालं?"

ते ऐकून मला खरी परिस्थिती कळली. जास्तीचं पोतं म्हणजे कुणाचं तरी मारलेलं पोतं. साहेब विचारणार, कुठून आणलं. मी काय सांगणार? तीन वर्षं, कंसातला तो शब्द, सासऱ्यांचं फराळाचं ताट, सगळं एका पोत्याखाली आलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, तालुक्यातला एकुलता एक हाव नसलेला माणूस चोर ठरणार होता.

दुपारपर्यंत विचार करून या हाव नसलेल्या माणसानं काय ठरवलं? पोतं लपवायचं. मुकादमानं एका दमात वरच्या थरातलं एक पोतं खाली घेतलं. पण गोदामाला एकच दार, दारावर कॅमेरा. बाहेर काढलं तर खरोखरीची चोरी, तीही रेकॉर्डिंगसकट. शेवटी ते माझ्या टेबलाशेजारी भिंतीला आडवं टाकलं आणि त्यावर ते काळं घोंगडं चापूनचोपून अंथरलं. लांबून बाकडं वाटत होतं. जवळून घोंगडं घातलेलं पोतं वाटत होतं.

गुरुवारी साहेब आले. पन्नाशीचे, शांत, खटावकडचे. सगळ्या थप्प्यांतून फिरले, रजिस्टर बघत प्रत्येकीला टिक करत गेले. म्हातारीच्या थप्पीपाशी थांबून त्यांनी बोटानं मोजलं: एकोणतीस. टिक. मी श्वास सोडला. चहा आला. माझी खुर्ची त्यांना पुढे केली, पण तिची एक वेताची काडी वर आलेली होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या, इथं बसतो की." आणि पोत्यावर बसले.

मुकादम पटकन बाहेर निघून गेला. मी उभाच राहिलो. साहेब बशीत चहा ओतत शेरा लिहायला पेन काढत होते आणि मी मनातल्या मनात कुलदैवताला नारळ बोलत होतो. तेवढ्यात दारात म्हातारी. गुरुवार होता. बाजार होता. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ती नेहमीसारखी थप्पीकडे गेली. हात फिरवला. वरच्या थरातली खाच बघितली. मग वळून आमच्याकडे आली, आणि साहेबांच्या दोन पायांमध्ये, घोंगड्याच्या कडेखाली डोकावणारा लाल ठिपका तिला दिसला. साहेब अदबीनं उठायला लागले.

"बसा, बसा," ती म्हणाली. "लाभाच्या पोत्यावर बसलायसा. चांगलंच हाय की."

साहेबांची बशी ओठांपाशी थांबली. "कसलं पोतं, आजी?"

"ह्या गोदामावल्याचं. माल घातला तवा पयलं पोतं ह्येनं काडून घ्येतलं. तीसातलं एक. म्या काय बोल्ली न्हाई." ती माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होती की मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. "आवं, एकातच भागिवतोय गरीब. येपारी कडत्याच्या नावाखाली वजन कापून दोन-तीन खात्यात. ह्येनं एका पोत्याला हात लावल्याला न्हाई पुन्यांदा. म्या दर बाजारी बघून जाती. म्हनून तर लोकास्नी सांगती, हाव न्हाई मानसाला."

साहेबांनी बशी खाली ठेवली. इतके महिने जे ताक मी माझ्या सचोटीला मिळालेली पावती म्हणून प्यायलो, ते माझ्या चोरीच्या आटोपशीरपणाबद्दल होतं. मला राग आला, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. एवढा वेळ समोर बसून जेवताना बघायची, ती काय बघत होती?

साहेब उठले. घोंगडं बाजूला केलं, ठिपका बघितला, आणि रजिस्टर उघडून वजनाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "वजन तर तीस पोत्यांचं आहे. कर्जही वजनावरच दिलंय. आजी, त्या दिवशी तुम्ही मोजलं कसं?"

"कसं म्हंजी? मोजत्यात तसं. लाभ, दोन, तीन…"

साहेब माझ्याकडे वळले. "तुमचं गाव कुठलं?"

"कराडकडचं, साहेब."

"ऊस?"

"ऊस."

ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांत पाणी आलं, मग रुमाल काढला. "अहो गोदामपाल," ते म्हणाले, "आमच्याकडं धान्य मोजताना पहिल्याला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. लाभ म्हणजेच एक. तुम्ही दोनला एक धरलंत." मग म्हातारीला म्हणाले, "आजी, ह्यांनी काही घेतलं नाही. ह्यांना मोजता येत नाही."

माझ्या नोकरीच्या काळात माझ्या चारित्र्याला मिळालेलं ते सर्वांत मोठं प्रमाणपत्र. त्यांनी स्वतःच्या हातानं एकोणतीसवर काट मारून तीस केलं, सही केली आणि शेऱ्यात लिहिलं: 'मोजणीत अज्ञानमूलक चूक. लबाडी आढळली नाही.' पोतं लपवल्याबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, फक्त घोंगड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पुन्हा असं बाकडं करू नका."

मला वाटलं, म्हातारी आता खूश होईल. ती खूश झाली नाही. ती घाबरली.

"एकबी घ्येतलं न्हाईस?"

"नाही, आजी."

"खरंच न्हाई?"

"आईशप्पथ नाही."

ती थप्पीकडे बघू लागली, वेगळ्याच नजरेनं. "एकबी न्हाई, तर मग कशातनं काडून घ्येतलंस? फुकाट कोन राखतंय?" ती म्हणाली. "काडा. समदी खाली काडा. मोजायची हाईत."

साहेबांनी मान हलवली. मुकादम बाहेरून परत आला, हमाल आले, आणि तीसच्या तीस पोती पुन्हा उतरवली. चोर समजत होती तोवर तिनं माझ्यावर सहा महिने विश्वास टाकला होता. प्रामाणिक निघालो तर माझ्यासमोर एक-एक पोतं दाबून बघत होती. "लाभ," ती म्हणाली, आणि या वेळी मी पहिली काडी ओढली. माझी काडी बरोबर पडली की नाही हे बघायला साहेब वाकले होते. शेवटी ती म्हणाली, "दीड इसा," आणि मी म्हणालो, "तीस," आणि आमचं दोघांचं एकदाचं जुळलं.

ती तिथेच पोत्याला टेकून बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हंजी मी तुला चोर म्हनूनच जेवू घातलं व्हय रं, इतकं दीस."

"जेवण चांगलं होतं, आजी," मी म्हणालो.

"त्ये घोंगडं आन हिकडं."

मी दिलं. तिनं झटकलं, घडी घातली, काखेत मारलं आणि बाजाराला निघून गेली. मला फार वाईट वाटलं. गोदामात गारठा होताच.

गणपतीच्या आधी हरभऱ्याचा भाव चढला. तिनं माल विकला, कर्ज चुकतं केलं, आणि उरलेल्या पैशातून पाच मेंढ्या घेतल्या. माझी फाइल वर गेली आणि पुढच्या वर्षी खाली आली, कंसाशिवाय. त्या दिवाळीला सासऱ्यांना विचारायला काही उरलं नाही, तर ते म्हणाले, "मग, बढती कधी?"

माल न्यायला आली त्या दिवशी म्हातारीनं माझ्या टेबलावर दुसरं घोंगडं ठेवलं होतं. नवं कोरं, पण पहिल्यापेक्षा चांगलं हातभर आखूड. मी उलगडून बघत होतो तर तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं.

"त्ये मोटं हुतं," ती म्हणाली, "कारन चोराला राजी ठिवाय लागतंय. तुला काय राजी ठिवायचं? तू भलाच हायस की."

अजून तेच वापरतो. गळ्यापर्यंत ओढलं की पाय उघडे पडतात.